वास्तू तथास्तु म्हणते!

गतवर्षी एका रुग्णालयातून माझ्याकडे एक प्रश्नावली आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीला बायका का येत नाहीत, हे तिने शोधायचे होते. "बाई, मराठी तेवढे पाहून द्या," एवढेच माझे काम.

या प्रश्नावलीचे कुळ अमेरिकन. १९५०च्या दशकात तिथल्या आरोग्यखात्याला कोडे पडले, की क्षयाची क्ष-किरण तपासणी फुकट असूनही लोक का येत नाहीत? रोझेनस्टॉक प्रभृती मानसशास्त्रज्ञांनी उत्तर दिले, की माणूस आधी मनात हिशेब करतो. रोग मला होईल का? झाला तर किती भयंकर? तपासणीचा उपयोग काय, अडचणी किती? १९८४ साली व्हिक्टोरिया चॅम्पियन यांनी याच धर्तीवर स्तनांच्या कर्करोगासाठी प्रश्नावली रचली. तिची पुढे तुर्की, कोरियन, फारसी रूपे झाली.

माझ्यापुढचे भाषांतर बिनचूक होते. दुसऱ्या एकाने ते पुन्हा इंग्रजीत नेले, तेव्हा मूळ वाक्ये जवळजवळ तशीच परत आली होती. मी निर्धास्त झाले आणि संध्याकाळी शेजारच्या मावशींना सहज वाचून दाखवले : "मला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याची शक्यता आहे. सहमत की असहमत?"

मावशींनी कानांवर हात ठेवले. "अहो, दिवेलागणीला असलं काय वदवून घेता? वास्तू तथास्तु म्हणते!"

म्हणजे खूण 'पूर्णपणे असहमत'वर! तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला असता, की या बाईला धोक्याची जाणीवच नाही. वास्तविक जाणीव इतकी, की शब्द उच्चारवत नव्हता.

मी 'गर्भाशयमुखा'चे 'पिशवीचं तोंड' केले आणि 'मला'ऐवजी 'आपल्यासारख्या बायकांना' म्हटले. मावशी म्हणाल्या, "होतो की! माझ्या नणंदेला झाला होता. फार उशिरा कळलं." मग हळूच, "तपासायला डॉक्टरीणबाईच असतात ना?"

हा शब्दांचा कीस नव्हे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीसाठी निवडलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ निम्मे होते. पण त्यासाठी बाईने दारापर्यंत यायला हवे.

माझा प्रश्न उलट इंग्रजीत गेला, तर मुळाशी जुळणार नाही. 'मला' आणि 'आपल्यासारख्या' एक नव्हेत, हेही खरे. म्हणून दोन्ही वाक्ये पाठवून मी लिहिले : आधी दहा-वीस मावशींना विचारा, मग छापा.

आणि हो, दिवेलागणीला विचारू नका!