फुलून गेलेलं ब्रोमेलियाड फेकू नका

घोडबंदर रोडच्या रोपवाटिकेतून लालभडक गुझमानिया घरी येतो, काही महिने दिवाणखान्यात मिरवतो, मग तुरा तपकिरी पडतो आणि ‘झाड गेलं’ म्हणून कुंडी जिन्याखाली. झाड गेलेलं नसतं. ब्रोमेलियाडचा पानांचा एक झुबका एकदाच फुलतो. पुढे केळीसारखंच, बुडाशी पिल्लं धरतो आणि हळूहळू आटोपतो. म्हणून वाळलेला तुरा तेवढा कापा, हिरवी पानं ठेवा. पिल्लांना तीच पोसतात. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं की धारदार सुरीने सोडवून नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा घातलेल्या भुसभुशीत मिश्रणात लावा. पूर्ण वाढूनही फुलत नसेल, तर पानांच्या मधल्या पेल्यात साठलेलं पाणी ओतून टाकून पिकलेल्या सफरचंदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधा. सफरचंदातून सुटणाऱ्या इथिलीनने फुलोरा सुरू होतो, तुरा मात्र पुढे काही आठवड्यांनी दिसतो. अननसाचे बागायतदार इथेफॉन वापरतात ते याचसाठी. अननस याच कुळातला.

आणि तो लाल तुरा म्हणजे फूल नव्हे. ती रंगीत पानं, म्हणून तर महिनोन्‌महिने टिकतात. खरी फुलं त्यांच्या बेचक्यांत, छोटी, लगेच कोमेजणारी.

अमेरिकेतल्या जंगलांत ही झाडं फांद्यांवर वाढतात, म्हणून कुणी त्यांना बांडगूळ ठरवतं. बांडगूळ झाडाचा रस ओढतं. ब्रोमेलियाड मात्र आपल्या सीतेच्या वेणीसारख्या ऑर्किडप्रमाणे नुसतं आधाराला बसतं.

खरा वाद डासांचा. ‘पानातल्या पाण्यात डास होत नाहीत’ असं विकणारे सांगतात, त्यावर विसंबू नका. 2016 मध्ये झिकाच्या साथीत मायामी बीचच्या पालिकेने सार्वजनिक बागांतली ब्रोमेलियाड काढून टाकली होती. पण त्यासाठी घरातली कुंडी टाकायचं कारण नाही. एडिस डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. दर चार-पाच दिवसांनी कुंडी तिरकी करून पाणी पूर्ण ओता, पानांच्या बेचक्यांत जोरात पाणी मारून धुवा, मग ताजं भरा. पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासणीला आली तर कुंडीखालची ताटलीही कोरडी हवी. रॉकेल किंवा तेल मात्र ओतू नका, त्याने डासांआधी झाडच मरेल. बुरशीवर मोरचुदाचं औषधही नको. तांबं या कुळाला मानवत नाही.

डोंबिवलीतल्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅलरीत मे महिन्याचं ऊन थेट आलं तर गुझमानियाची पानं करपतात. जाळीदार पडद्यामागे तो सुखात राहतो. निओरेगेलिया या दुसऱ्या ब्रोमेलियाडला मात्र थोडं जास्त ऊन द्या, नाहीतर त्याचा लाल रंग उतरून पानं हिरवीगार पडतात.