रेडिओ स्कॅनर आणि त्याची आज्ञावली

आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी अमेरिकेत स्थायिक झाले आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या घरी लिहिण्याच्या मेजावर एक लहानसे यंत्र आढळते. दिसावयास ते जुन्या ट्रान्झिस्टरसारखे. परंतु त्यातून गाणी वा बातम्या येत नाहीत. येते ते अग्निशामक दलाचे, रुग्णवाहिकांचे, रेल्वेचे, विमानतळाचे चालू संभाषण. या यंत्रास स्कॅनर म्हणतात. ते विकत घेणे सोपे आहे. त्यात वाहिन्या भरण्यासाठी जी संगणकीय आज्ञावली लागते ती मात्र पुष्कळांच्या हाती बसत नाही, आणि महिन्याभरात यंत्र कपाटात जाते. आज्ञावलीस दोष देण्याची रीत आहे. माझे मत निराळे आहे. ज्या व्यवस्थेचे बोलणे आपण ऐकू पाहतो तिची रचना आपल्याला ठाऊक नसते आणि आज्ञावली तर पदोपदी त्या रचनेविषयीच प्रश्न विचारते. अडचणीचे मूळ येथे आहे.

स्कॅनरचे मूळ काम साधे आहे. दिलेल्या वारंवारता तो एकामागून एक तपासतो, जेथे कोणी बोलत असेल तेथे थांबतो आणि बोलणे संपताच पुढे जातो. आरंभीच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक वारंवारतेसाठी स्वतंत्र स्फटिक विकत आणून बसवावा लागे. १९७० च्या दशकाच्या मध्यास स्फटिकांवाचून चालणारी यंत्रे आली. त्यांपैकी एकात पुस्तिकेत पाहून बटणांची ओळ खालीवर करून वारंवारता भरावी लागे. पुढे अंकांची कळपाटी आली. या सर्व काळात एक गोष्ट पक्की होती : एक वारंवारता म्हणजे एक खाते. अग्निशामक दलाची एक, पोलिसांची दुसरी, नगरपालिकेच्या वाहनांची तिसरी. यादी करावी आणि यंत्रात भरावी, एवढेच काम होते.

ट्रंक पद्धतीने हे गणित बदलले. रेल्वेच्या तिकीटघराचा दाखला घेऊ. पूर्वी प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग असे. एका खिडकीवर गर्दी, तर शेजारची मोकळी. आता सर्वांना क्रमांकाचा बिल्ला देतात आणि जी खिडकी रिकामी होईल तेथे पुढच्यास बोलावतात. ट्रंक व्यवस्थेत वारंवारता या खिडक्या होत. त्यांपैकी एक नियंत्रण-वाहिनी म्हणून राखलेली असते. तिच्यावर माणसाचा आवाज नसतो, अखंड घरघर ऐकू येते. ती घरघर म्हणजे संगणकाच्या सूचना असतात : 'अमुक गटाने आता अमुक वारंवारतेवर जावे.' गट म्हणजे टॉकग्रुप, आणि त्याची ओळख एका अंकाने होते. एकच संभाषण अर्ध्या मिनिटात तीन वारंवारतांवर फिरू शकते. जुन्या पद्धतीने त्या वारंवारता ओळीने भरल्या, तर कानी पडतात ते भिन्न संभाषणांचे तुकडे. स्कॅनरने नियंत्रण-वाहिनीच ऐकावी आणि गटामागे धावावे, ही सोय १९९७ साली प्रथम बाजारात आली.

एवढा खटाटोप कशासाठी, हे दोन घटनांवरून कळते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून मनोऱ्यांची जी स्थिती दिसत होती ती इमारतीत शिरलेल्या अग्निशामक जवानांपर्यंत थेट पोहोचू शकली नाही. दोन्ही दलांच्या बिनतारी व्यवस्था निराळ्या होत्या. याउलट १ ऑगस्ट २००७ रोजी मिनिआपोलिसमध्ये मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा मिनेसोटा राज्याचे आर्मर नावाचे सामायिक ट्रंक जाळे तेथे कार्यरत होते, आणि निरनिराळ्या दलांना एकाच जाळ्यावरून परस्परांशी बोलता आले. हे जाळे प्रोजेक्ट २५ या अंकीय मानकावर चालते. त्या मानकाचे काम १९८९ मध्ये सुरू झाले होते.

आता आज्ञावली उघडून पाहू. डाव्या बाजूस झाडाच्या फांद्यांसारखी मांडणी दिसते : प्रथम व्यवस्था, तिच्याखाली ठाणी, मग विभाग आणि विभागाखाली टॉकग्रुप. नवख्या माणसास ही उतरंड निष्कारण गुंतागुंतीची वाटते. वस्तुतः ती टपालाच्या पत्त्यासारखी आहे. व्यवस्था म्हणजे संपूर्ण जाळे. ठाणे म्हणजे एक मनोरा वा मनोऱ्यांचा समूह. विभाग म्हणजे काउंटीचे वा शहराचे खाते. आणि टॉकग्रुप म्हणजे त्या खात्यातील एक चावडी, जेथे ठरावीक मंडळी बोलतात. वारंवारता ठाण्याखाली लिहावयाच्या आणि अंक विभागाखाली. हा भेद मनात ठसला की निम्मे काम झाले. ज्यांना तो उमगत नाही ते टॉकग्रुपच्या रकान्यात वारंवारता भरतात आणि यंत्र मुके राहिले म्हणून विक्रेत्यास पत्र लिहितात.

पहिला धडा मात्र ट्रंकचा नसावा. अमेरिकेत राष्ट्रीय हवामान सेवेचे प्रक्षेपण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात २५ किलोहर्ट्झच्या अंतराने सात वाहिन्यांवर चोवीस तास चालते. या सात वारंवारता स्वतः टंकित कराव्यात, त्यांना नावे द्यावीत आणि यंत्रात उतरवाव्यात. त्यांपैकी निदान एक तरी बहुतेक ठिकाणी ऐकू येते, त्यामुळे केबल, आज्ञावली आणि यंत्र यांचे जुळले की नाही याचा निवाडा तत्काळ होतो. दुसरा धडा एखाद्या लहान गावाच्या अग्निशामक दलाच्या जुन्या धर्तीच्या वाहिनीचा. येथे दोन नवे रकाने भेटतात. एक स्वराचा : बोलणाऱ्याच्या आवाजाखाली एक मंद स्वर सतत सोडलेला असतो, त्याची पट्टी साधारण ६७ ते २५४ हर्ट्झ, आणि तो जुळला तरच यंत्र तोंड उघडते, दूरच्या गावाची त्याच वारंवारतेवरील कटकट त्यामुळे टळते. दुसरा रकाना अरुंद वा रुंद एफएमचा. १ जानेवारी २०१३ पासून तेथील बहुतेक सार्वजनिक सेवांच्या व्हीएचएफ व यूएचएफ वाहिन्यांना २५ ऐवजी साडेबारा किलोहर्ट्झमध्ये मावावे लागले. जुन्या यादीवरून रुंद पर्याय निवडला तर बोलणे ऐकू येते, पण आवाज बारीक येतो आणि ऐकणारा उगाच अँटेनाशी झटत बसतो.

केबलविषयी एक इशारा. यंत्र आणि संगणक यांच्यामधील स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा नकली चिप असते आणि संगणकाचे नवे चालक-सॉफ्टवेअर तिला ओळख देत नाही. आज्ञावली 'यंत्र सापडत नाही' म्हणते. शिकणारा समजतो, आपलेच चुकले. प्रथम संगणकाच्या उपकरण-यादीत पोर्टचा क्रमांक उमटला आहे का हे पाहावे आणि तोच क्रमांक आज्ञावलीत निवडावा. यानंतरचा नियम मोडू नये : यंत्रात काही लिहिण्यापूर्वी त्यात जे आहे ते वाचून संगणकात दिनांकासह जतन करावे. अनेक आज्ञावल्या लिहिताना जुने सर्व पुसून टाकतात आणि त्याची दाद मागावयास जागा नसते.

मग ट्रंक. येथे मोह असा की हौशी श्रोत्यांनी जमविलेल्या माहितीसूचीतून संपूर्ण काउंटी एका कळीसरशी उतरवून घ्यावी. २०१० साली आलेल्या एका यंत्रात तर टपाल-क्रमांक दिला की आसपासचे सर्व काही आपोआप चालू होई. प्रवाशास ही सोय उत्तम. शिकणाऱ्याचे मात्र तिने नुकसान होते. शेकडो गट एकदम सुरू होतात. रस्ते झाडणाऱ्यांपासून शाळेच्या बसपर्यंत सर्वांची गर्दी उसळते आणि ज्या आगीची वार्ता ऐकावयाची ती नेमकी सुटते. त्यापेक्षा एकच ठाणे घ्यावे, त्याच्या नियंत्रण-वाहिन्या, सहसा मुख्य एक व पर्यायी तीन, भराव्यात आणि यंत्र शोध-पद्धतीत ठेवावे. या पद्धतीत यादीत नसलेले गटही ऐकू येतात व त्यांचे अंक पडद्यावर उमटतात. शेजारी वही ठेवून अंक, वेळ आणि बोलण्याचा विषय टिपावा. आठवड्याभरात वहीतून शहर उभे राहते : कोणता गट रात्री जागा असतो, कोणता केवळ पावसात बोलतो, रुग्णालयाशी कोण बोलते. मोटोरोला कंपनीच्या जुन्या व्यवस्थांत सर्व अंकांना सोळाने भाग जातो, ही मौजही वहीतच ध्यानात येते. शेवटचे चार द्विमान अंक तेथे आणीबाणीसारख्या खुणांसाठी राखलेले असतात. मग हवे ते दहा-पंधरा गट नावांसह यादीत घालावेत आणि यंत्र यादी-पद्धतीवर आणावे.

कायद्याची बाजू संदिग्ध ठेवू नये. अमेरिकेत ऐकण्यास सर्वसाधारण मुभा आहे, पण १९३४ च्या दळणवळण कायद्याने ऐकलेले दुसऱ्यास सांगणे वा त्याचा लाभ उठविणे यांवर बंधने घातली आहेत. काही राज्यांत मोटारीत स्कॅनर ठेवण्यासही निर्बंध आहेत. सेल्युलर दूरध्वनीच्या वारंवारता ऐकू शकतील असे स्कॅनर बनविण्यास एप्रिल १९९४ पासून मनाई आहे. म्हणून आज्ञावलीत ८७५ मेगाहर्ट्झ टंकित केले तर ती नकार देते. तो बिघाड नव्हे. आपल्याकडे परिस्थिती अगदी भिन्न. टपाल कचेरीत जाऊन रेडिओच्या परवान्याचे पुस्तक भरल्याचे येथील ज्येष्ठांना स्मरत असेल. तो परवाना १९८० च्या दशकात गेला, परंतु १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याचे सूत्र, की बिनतारी यंत्र बाळगावयासही परवानगी हवी, २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही कायम आहे. तेव्हा सुटीत येताना कोणी स्कॅनर सामानात आणू नये.

सांकेतिक लिपीत जाणारे गट हा अखेरचा अडसर. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ मध्ये आपल्या वाहिन्या टप्प्याटप्प्याने सांकेतिक करण्यास प्रारंभ केला. इतर अनेक शहरांनी त्याआधीच तो मार्ग धरला होता. गुन्हेगार ऐकतात, हे त्यांचे कारण खोटे नाही; वार्ताहर व नागरिक यांचा कान त्यामुळे बंद होतो, ही तक्रारही खरी आहे. आज्ञावलीच्या दृष्टीने मात्र येथे करण्यासारखे काही उरत नाही. माहितीसूचीत अशा गटांपुढे खूण असते. ती पाहून ते गट वगळावेत, म्हणजे यंत्र त्यांच्यापाशी व्यर्थ थांबत नाही आणि शेजारचा अग्निशामक गट, जो बहुधा अजून मोकळा असतो, पहिल्या शब्दापासून ऐकू येतो.