पाळण्यात दिसतात ते फक्त पाय

वर्षाचं बाळ आईच्या मांडीवर बसलं आहे. टेबलावर काही ठोकळे आणि एक कप. तपासणाऱ्या बाई एक ठोकळा कपात टाकून दाखवतात आणि कप बाळापुढे सरकवतात. बाळ ठोकळा उचलतं, उलटसुलट करून बघतं आणि तोंडात घालतं. कागदावर शून्य गुण. आता, बाळाला कपात टाकणं जमत नव्हतं, की ठोकळा चाखून बघायचा होता? कागद ते सांगत नाही.

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' असं आपण म्हणतो. ते खरंच दिसतात का, हे बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांनी चिकाटीने तपासलं. 1928 पासून त्यांनी काही बाळांना वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा चाचण्या दिल्या. पहिल्या वर्षातले गुण आणि शाळकरी वयातला बुद्ध्यंक यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. याच बेलींची बालविकास मापनश्रेणी 1969 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली गेली. पण ती बाळाचा आजचा विकास मोजते, पुढची हुशारी वर्तवत नाही.

वय वाढलं की चित्र पालटतं. 1 जून 1932 रोजी स्कॉटलंडमध्ये 1921 साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या शाळकरी मुलांनी एकच बुद्धिचाचणी दिली. 66 वर्षांनी त्यांपैकी सुमारे शंभर जणांना ॲबरडीनमध्ये तीच चाचणी पुन्हा दिली गेली. दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध 0.63 आला, तंतोतंत मेळ असता तर तो 1 आला असता. अकराव्या वर्षीचे गुण सत्तरीनंतरही बरंच काही सांगतात. पहिल्या वर्षीचे गुण मात्र शाळेपर्यंतही टिकत नाहीत.

असं का होतं? एक तर दोन्ही वयांत मोजलं जातं तेच वेगळं. बाळाच्या चाचणीत नजर, हात आणि तोल यांचा भाग मोठा असतो. पुढे भाषा, स्मरण आणि तर्क येतात. लवकर चालणारं मूल गणितात पुढे असेलच असं नाही.

दुसरं कारण साध्या हिशेबात आहे. पूर्वी बुद्ध्यंक काढताना मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या मुलांइतकं करतं त्या वयाला, खऱ्या वयाने भागून शंभरने गुणत. दोन वर्षांचं मूल सहा महिने पुढे असेल, तर बुद्ध्यंक 125. दहा वर्षांचं मूल तेवढेच सहा महिने पुढे असेल, तर 105. आता समवयस्कांशी तुलना करून गुण काढतात, पण लहान वयात दोन-चार महिन्यांच्या वाढीचं वजन मोठं असतं, हे बदललेलं नाही. त्यात झोप अपुरी, दात येतायत, समोर अनोळखी बाई. एवढ्यानेही गुण खाली येतात.

शिवाय प्रश्न कोणत्या भाषेतला, कोणत्या घरातला, यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणून तर व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांची बुद्धिचाचणी जशीच्या तशी न घेता मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. खुद्द बिने यांनी 1905 साली मूळ चाचणी केली, ती कुणाला ज्यादा मदत हवी हे ओळखण्यासाठी. मुलांची कायमची प्रतवारी लावण्यासाठी नव्हे.

मग बाळांच्या चाचण्या फुकट का? मुळीच नाही. बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी बसवलेली विकासश्रेणी अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा जन्मतः वजन फार कमी असलेल्या बाळांवर लक्ष ठेवायला अशा श्रेण्यांचा मोठा उपयोग होतो. सरासरीच्या आसपासच्या गुणांवरून पुढचं फारसं कळत नाही, पण फारच कमी गुण ही दखल घेण्याजोगी खूण असते. उपचार लवकर सुरू झाले तर फरक पडतो.

तेव्हा मूल मान धरत नसेल, हाकेला वळत नसेल, बोलणं लांबत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. पण तीन वर्षांच्या लेकराचा बुद्ध्यंक बक्षिसासारखा मिरवू नका आणि कमी आला म्हणून खचूही नका. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्यांच्या दुकानाची तर पायरीही चढू नका. त्याला शास्त्रीय आधार नाही.