घरात एकच सायकल घ्यायची, तर कोणती?

आपल्या वस्तीतल्या घरात सायकल बहुधा एकच येते. सकाळी तिच्यावरून कोणी द्राक्षबागेत कामाला जाते, दुपारी मुलगी शाळेला नेते आणि संध्याकाळी तीच दळण आणते. वाटाही एकसारख्या नसतात. निफाडचा डांबरी रस्ता, कालव्याकडेचा मुरूम आणि पावसाळ्यात चाक धरून बसणारी काळी माती. रंग आणि गिअरची संख्या पाहून सायकल घेतली, तर पैसे जातात आणि गुडघे-कंबर दुखते ते वेगळेच.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून अनेक तरुणांना बारीक टायरच्या रेस सायकलचे आकर्षण वाटते. पण ती सायकल गुळगुळीत रस्त्याची. आपल्याला उपयोगी धडा मिळतो तो युरोपातल्या 'सायक्लोक्रॉस' शर्यतीतून. तिथे शेत, गवत, चिखल यांतून सायकल पळवतात आणि अडले की खांद्यावर उचलून धावतात. म्हणून ती सायकल हलकी असते, टायरला खाचा असतात आणि टायर व फ्रेम यांच्यात चिखल निघून जाईल एवढी फट असते. ती महागडी सायकल आपण घ्यायची नाही. तिच्यातले गुण साध्या सायकलीत शोधायचे.

फ्रेम : लोखंडी फ्रेम जड असते आणि गंजते, पण तडकली तर गावातला वेल्डर जोडून देतो. अलॉयची फ्रेम हलकी असते, गंजत नाही. पण तडकली तर दुरुस्ती अवघड. रोज ओझे वाहायचे असेल तर लोखंडी बरी. माणसाचीच ने-आण असेल तर अलॉय. कॅरियर आणि मडगार्ड बसवायला जागा आहे का, हे आधी पाहावे.

शॉकअप : स्वस्त सायकलीचे शॉकअप वजन वाढवतात आणि पायडलची ताकद खातात. साधा फोर्क पुरे.

टायर : फार बारीक नको, फार जाडही नको. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा, हलक्या खाचांचा टायर सगळ्या वाटांवर चालतो. हवा किती भरायची ते टायरवरच लिहिलेले असते. मातीच्या वाटेला त्या मर्यादेतच थोडी कमी ठेवावी.

ब्रेक : रिमला चिखल लागला की रबरी ब्रेक नीट धरत नाही. तारेचा डिस्क ब्रेक चिखलातही धरतो. तेलाचा डिस्क ब्रेक गावात दुरुस्त होईलच असे नाही.

गिअर : निफाडचा परिसर बराचसा सपाट आहे. पुढे एक चक्र आणि मागे सहा-सात गिअर पुरतात. एकवीस गिअर म्हणजे बिघडायला जास्त जागा.

आता सर्वांत महत्त्वाचे, माप. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत एक-दोन इंच जागा राहावी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली, तर गुडघा सरळ व्हावा. पंजा ठेवला, तर किंचित वाकलेला राहावा. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. एकच सायकल सगळे चालवत असतील, तर हाताने सैल करून सीट वर-खाली करता येईल असा खटका बसवून घ्यावा आणि प्रत्येकाच्या उंचीची खूण नळीवर करून ठेवावी. 'मोठा झाला की पुरेल' म्हणून मुलांना मोठी सायकल देऊ नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस सायकल चालवली की तो हिशेब पुरा होतो. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साखरेचे औषध चालू असेल तर उपाशीपोटी लांब जाऊ नये. रात्री मागे लाल दिवा हवाच. आपल्या रस्त्यांवर कांद्याचे ट्रॅक्टर असतात.

सायकल म्हणजे गरिबीची खूण, असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. त्या मुक्तिभूमीला येत्या १३ ऑक्टोबरला आपल्या तरुण मुला-मुलींनी सायकलवर जावे. मापाची सायकल असेल, तर परतताना थकवा येईल, पण गुडघा दुखणार नाही.