चाकणच्या कांद्याचें मोल

इतिहासाचे वाचक चाकणला ओळखतात तें संग्रामदुर्गामुळें. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें तो शाइस्तेखानाविरुद्ध लढविला. शेतकरी मात्र या गांवास कांदाबटाट्याच्या बाजारामुळें जाणतो. या कांद्याचें मोल दीर्घ काळांत वाढलें कीं घटलें, हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

मोल म्हणजे परिमाण व दर यांचा गुणाकार. आणि येथें दोन्ही चंचल. जुन्या नोंदी मण-शेरांत आहेत. ऐंशी तोळ्यांचा शेर धरल्यास मण सुमारें ३७.३ किलोग्रॅमचा होतो. परंतु शेर गांवोगांव निराळा असे. शिवाय रुपयाची क्रयशक्ति सतत घटत आली. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषि संघटना पिकांचें मूल्य चालू दरांनीं व २०१४-१६ च्या स्थिर दरांनीं, असें दुहेरी मांडते. केवळ पहिला आंकडा पाहून भरभराट झाली असें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

कांद्याची तर आणखी एक खोड आहे. पीक बुडालें कीं दर इतका चढतो कीं थोड्या मालाचेंही मोल फुगतें. पण तें ज्याच्या चाळींत माल शिल्लक असेल त्याच्याच पदरीं पडतें. पाणिनि 'मूल्य' शब्द 'मूल' म्हणजे भांडवल यावरून साधतो. बियाणें-मजुरीचें मूळच सुटलें नाहीं तर त्यास मूल्य कसें म्हणावें? डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यात बंद होती. त्या काळचे दर निराळेच वाचावे लागतील. कारखान्यांखालीं गेलेली जमीनही हिशेबांत धरली पाहिजे.

आवक व दर यांच्या जुन्या वह्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत, अशी आमची विनंति आहे.