विश्लेषण : 'ग्रीन' डिझाइनसाठी कोणते टूल वापरायचे? 'एक्स्पर्ट सिस्टीम' इंजिनीअरला कशी मदत करते?

वाघोलीत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि इथूनच जाणारा नगर रस्ता पुढे सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांपर्यंत पोहोचतो. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये 'सस्टेनेबल' हा शब्द हल्ली सहज दिसतो. गाडी अडते ती पुढे : वस्तू पर्यावरणपूरक आहे, हे मोजायचे कशाने?

टूल निवडताना चूक कुठे होते?

एका टोकाला साधी चेकलिस्ट असते, दुसऱ्या टोकाला जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे 'एलसीए'. आयएसओ 14040 मानकातील या पद्धतीत कच्चा माल खाणीतून निघाल्यापासून वस्तू भंगारात जाईपर्यंतचा हिशेब मांडतात. 'ओपनएलसीए' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. पण किती ग्रॅम तांबे, किती प्लास्टिक, ही माहिती स्केच काढताना हातात नसते.

छताचा पंखा घ्या. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा सुमारे 30. रोज 10 तास, वर्षाचे 300 दिवस धरले तर 225 युनिट विरुद्ध 90. इथे फक्त 'प्लास्टिक रिसायकल होते का' विचारणारी चेकलिस्ट घेतली, तर मुख्य भारच नजरेतून सुटतो. प्लास्टिकच्या क्रेटचे उलटे. त्याला वीज लागत नाही. तो किती फेऱ्या टिकतो, हे महत्त्वाचे.

एक्स्पर्ट सिस्टीम काय करते?

जाणकाराचे ज्ञान 'जर-तर' नियमांत साठवते. उदाहरणार्थ : जर वस्तू वापरताना वीज घेत असेल आणि डिझाइन स्केचवरच असेल, तर आधी वापरातील विजेचा ढोबळ हिशेब करा, पूर्ण एलसीए नंतर.

कल्पना जुनी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1970च्या दशकात तयार झालेली 'मायसिन' जंतुसंसर्गावर अँटिबायोटिक सुचवत असे. प्रत्यक्ष रुग्णसेवेत ती कधी आली नाही, पण 'हे का विचारतेस?' या प्रश्नाला ती कारण देत असे. चॅटबॉटही सफाईदार उत्तर देईल. मात्र ते कोणत्या नियमामुळे आले, हे तपासता येईलच असे नाही.

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचे 'इनडिएट' याच गरजेतून आले. त्यात शाश्वत डिझाइनच्या पद्धती व टूल्सचा संग्रह आहे आणि डिझाइनच्या टप्प्यांचा आराखडाही.

मर्यादा कोणत्या?

नियम शिळे होतात. भारतात ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, तर युरोपचा नवा इकोडिझाइन कायदा जुलै 2024 मध्ये अमलात आला. त्याआधी लिहिलेली सिस्टीम निर्यातदाराला आत्मविश्वासाने चुकीचा सल्ला देऊ शकते.

कॉलेजच्या गटाला जमेल?

नासात 1985 मध्ये सुरू झालेले 'क्लिप्स' मोफत आहे. पहिले 20 नियम तर एक्सेलमध्येही बसतील. वेळ खाते ते जाणकारांकडून नियम काढून घेणे, आणि हे जाणकार फक्त प्राध्यापक नसतात. पंखा खोलताना कोणता जोड निघत नाही आणि कोणता भाग तोडूनच काढावा लागतो, हे मेकॅनिक आणि भंगारवाला सांगतील.