बुंदीची नखे

२०१८ सालची गोष्ट. वसुबारस दोन दिवसांवर आली होती आणि मी संध्याकाळी शंकरपाळे कातत बसले होते. सहामाही परीक्षेचे गठ्ठे कपाटावरून माझ्याकडे रोखून पाहत होते आणि मी त्यांच्याकडे पाठ केली होती. इतक्यात न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिकडे नुकते उजाडले होते.

"ताई, बुंदीची नखं काढायची म्हणते. काय करू?"

बुंदी म्हणजे तिची मांजरी. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. वय सहा महिने.

"मग काढ की! त्यात विचारायचं काय? रविवारी काढ, म्हणजे घरातल्या सगळ्यांचीच एकदम होतील."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "ताई, अगं ऑपरेशन आहे ते."

माझ्या हातातले कातणे तसेच राहिले. पंचवीस वर्षे मराठी शिकते आणि शिकवते आहे, पण 'नखे काढणे' या साध्या शब्दांना दुसरा अर्थ असू शकेल, हे कधी मनातही आले नव्हते. आई रविवारी सकाळी पडवीत बसवून आमची नखे काढायची. दिवेलागणीनंतर नखे काढू नयेत, असे आजी बजावायची. नखे काढायची ती पुन्हा वाढतात म्हणूनच. अमेरिकेत मांजराची नखे काढतात ती मात्र पुन्हा कधीच वाढू नयेत म्हणून. तिकडे त्याला 'डीक्लॉइंग' म्हणतात. हा इंग्रजी शब्दही तितकाच लबाड आहे, कारण तोही नखांपुढचे काही सांगत नाही.

पुढचे सांगायचे तर ते असे. आपले नख बोटाच्या टोकावर वरून बसवल्यासारखे असते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवते. नुसते नख उपटले तर ते पुन्हा येणार. ते येऊ नये म्हणून ते हाडच सांध्यातून छाटून काढतात. आपण बोटांवर जपाची माळ मोजतो तेव्हा अंगठा ज्या पेरांवरून फिरतो, त्यांतले टोकाचे पेर घ्या. दोन्ही हातांच्या दहाही बोटांचे ते पेर उडवले, तर जे होईल तेच हे. मांजराच्या पुढच्या दोन पंजांना मिळून दहा नख्या असतात. छाटायची ती दहा हाडे. सुरी असो, कातर असो की आताचा लेसर असो, जाते ते हाडच. त्यातून मांजर आपल्यासारखे टाचा टेकून चालत नाही, बोटांवर चालते. म्हणजे छाटतात ती त्याच्या पावलाची पुढची कड.

हे सगळे त्या फोनवर मला ठाऊक होते असे नाही. गठ्ठे तसेच ठेवून दोन रात्री वाचले, तेव्हा कळले. बहिणीलाही पुरते ठाऊक नव्हते. बुंदीला पिल्ले होऊ नयेत म्हणून तिचे ऑपरेशन ठरले होतेच. दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर सहज विचारले होते, की त्याच भुलीत नखांचेही उरकून घ्यायचे का, वेगळे करण्यापेक्षा स्वस्त पडेल. आपण कापडाच्या दुकानात साडीबरोबर पोलक्याचे कापड घेतो, तितक्या सहज.

बहीण काही दुष्ट नव्हे. तिची अडचण खरी होती. घर भाड्याचे, जमिनीला चिकटवलेला गालिचा घरमालकाचा, आणि सोफा तर हप्त्यांवर घेतलेला. तेवढ्यावर ती डगमगली नसती. पण तिचे सासरे तिच्याकडे असतात. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नानांना रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू आहेत. बुंदी त्यांच्या मांडीवर झोपली असताना कुणीतरी झाडलोटीचे यंत्र सुरू केले, ती दचकून उडाली, आणि नानांच्या मांडीवर उठलेला ओरखडा अर्धा तास वाहत राहिला. बहिणीचे यजमान म्हणाले, "एक तर नखं जातील, नाहीतर मांजर जाईल." अमेरिकेत कित्येक घरांत हे वाक्य असेच उच्चारले जात असेल. तिथले जे पशुवैद्य हे ऑपरेशन करतात, तेही पुष्कळदा हेच कारण देतात, की नखे गेली तर निदान घर तरी टिकते. हा युक्तिवाद मला झटकून टाकता येईना.

तिसऱ्या दिवशी मीच फोन केला आणि एकच विचारले. "तो ओरखडा कुठल्या पायाचा?"

"म्हणजे?"

"मांजर उडी मारताना जोर कुठल्या पायांवर देतं?"

मागच्या! आणि दवाखान्यात छाटणार होते ती पुढच्या पायांची. बहुतेक ठिकाणी पुढचीच काढतात. म्हणजे बुंदीची दहा हाडे जाऊनही नानांच्या मांडीवरचा तो ओरखडा उठायचा राहिला नसता. त्यावर उपाय होता मांडीवर जाड घोंगडी. ती पेटीत होती, नानांनी कोल्हापूरहून नेलेली.

मग तिला मी वाचलेले बाकीचेही सांगितले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २७४ मांजरे तपासली गेली होती, निम्मी नखे काढलेली, निम्मी नखांसकट. नखे काढलेल्या मांजरांत पाठदुखी, चावणे आणि भलत्या जागी घाण करणे ही तिन्ही जास्त आढळली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मांजरांच्या पंजांत छाटायचे राहून गेलेले हाडाचे तुकडेही निघाले. विचार केला तर यात नवल नाही. ज्याची पावले दुखतात, ते मांजर मातीच्या खड्यांत पाय घालायला कचरेल आणि मऊ गालिचा शोधेल. ज्याचे पहिले हत्यार गेले, ते दुसरे काढील, आणि मांजराचे दुसरे हत्यार दात. नानांच्या दृष्टीने तर ओरखड्यापेक्षा चावा वाईट. मांजराचे सुळे बारीक असतात, खोल जातात आणि जखम आतून चिघळते.

नखांची वेळ बहिणीने रद्द केली. पिल्लांचे ऑपरेशन तेवढे झाले.

आता सोफ्याचे काय? लहानपणी कोकणातल्या आमच्या घरी सोफा नव्हता, म्हणून हा प्रश्नच नव्हता. माजघराचा फणसाचा खांब होता. झोपून उठले की मांजर त्या खांबाशी जायचे, मागच्या पायांवर उभे राहून अंग ताणायचे आणि खरखर ओरबाडायचे. आम्ही म्हणायचो, मांजर नखांना धार लावते आहे. ते अर्धेच खरे. साप कात टाकतो तसे मांजराच्या नखाचे वरचे जुने टरफल ओरबाडताना निघून येते आणि आतले नवे नख उघडे पडते. शिवाय पाठीचे आणि खांद्याचे स्नायू ताणले जातात. पंजांतल्या ग्रंथींचा वास त्या जागी लागतो, तो म्हणजे मांजराची घरावरची पाटी. हे त्याला सोडता येत नाही. कुठे करायचे, एवढे मात्र बदलता येते.

बहिणीने दुकानातून एक खांब आणला होता. दोन वीत उंच, मऊ कापडाने मढवलेला, हात लावला की डुलणारा, आणि ठेवला होता अडगळीच्या खोलीत. बुंदीने तो एकदा हुंगला आणि ती सोफ्याकडे परत आली. तिचे काय चुकले? नानांनी मग स्वतः खटपट केली. जाड लाकडी खांब आणला, बुंदी पुरती ताणून उभी राहील एवढा, म्हणजे तीन फुटांहून अंमळ उंच. तो रुंद फळीवर ठोकला आणि त्याला सुंभासारखी खरखरीत दोरी घट्ट गुंडाळली. ठेवला तो बैठकीत, तिने सोफ्याचा जो कोपरा धरला होता त्याला लागूनच. यजमानांना ते ध्यान दिवाणखान्यात नको होते. सोफ्याच्या त्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली, कारण पंजाला चिकटलेले मांजराला मुळीच खपत नाही. आठवड्याभरात बुंदी खांबावर आली. मग पट्टी काढली.

नखांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्याही मिळतात. त्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटवतात, आणि चार ते सहा आठवड्यांत नखाबरोबर त्या गळून पडतात. काही मांजरे त्या निमूट वागवतात. बुंदीने दुसऱ्याच दिवशी चार टोप्या चावून काढल्या आणि पाचवी नानांच्या चपलेत सापडली.

राहिले ते आपल्या अर्थाचे नखे काढणे. ते सोपे आहे, फक्त सावकाशीचे आहे. मांजर पेंगुळलेले असताना त्याला मांडीवर घ्यावे आणि पंजाचे एकेक बोट वरून-खालून हलके दाबावे, की नख बाहेर येते. उजेडाकडे धरले तर मुळाशी गुलाबी भाग दिसतो. त्यात रक्त आणि संवेदना असते, तिथे कात्री जाता कामा नये. पुढचे आकडीसारखे पारदर्शक टोक तेवढे उडवायचे. चुकून रक्त आलेच तर मक्याचे पीठ चिमटीने दाबून धरावे. एका बैठकीत दोनच नखे झाली तरी हरकत नाही. लगेच खाऊ द्यावा आणि सोडून द्यावे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. ओरडू तर मुळीच नये. त्याने मांजर ओरबाडायचे थांबत नाही, आपल्या पाठीमागे ओरबाडायला शिकते. (काही विद्यार्थ्यांबाबत माझा अनुभव हाच आहे.)

२०१९ च्या उन्हाळ्यात मी बहिणीकडे गेले. शेजारी एक वृद्ध अमेरिकन बाई राहत, त्यांचे बारा वर्षांचे मांजर होते. लहानपणीच त्याची पुढची नखे काढलेली. ते कोचाखालून निघून खिडकीपर्यंत चालत गेले ते मी पाहिले. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालावे तसे. न्हाणीघरातल्या पायपुसण्यावर ते घाण करी आणि बाई रोज ती धूत. कारण वय, संधिवात की ती नखे, हे कोण सांगणार? बाई एवढेच म्हणाल्या, "त्या वेळी मला वाटलं, नखंच काढतायत." त्यांच्या भाषेतही शब्दाने तेच केले होते.

मी तिथे असतानाच, जुलैच्या २२ तारखेला, नदीपलीकडच्या न्यूयॉर्क राज्यात हे ऑपरेशन कायद्याने बंद झाले. मांजराला स्वतःला वैद्यकीय गरज असेल तेवढा अपवाद. अमेरिकेतले बंदी घालणारे ते पहिले राज्य. मग २०२२ साली मेरीलँड आले, २०२४ साली व्हर्जिनिया. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानेच ते बंद आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२० साली, केवळ सोयीसाठी हे करू नये, असे धोरण घेतले, पण निर्णय डॉक्टरांच्या विवेकावर ठेवला. ही दुसरी अर्धी ओळ मला पटली नाही.

आपल्याकडे १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आहे. त्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आग्रह धरला होता. प्राण्याचा अंगभंग करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण म्हणून आपण फार मिरवू नये. आमच्या गावी मांजराची नखे कुणी छाटली नाहीत हे खरे, पण पिल्ले जास्त झाली की पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येत. मीही एकदा बरोबर गेले होते. आणि आता पुण्या-मुंबईच्या बंद सदनिकांत गुबगुबीत इराणी मांजरे आली आहेत, सोफेही आले आहेत. माझ्याच एका सहकारी प्राध्यापकांनी मला मागच्या वर्षी विचारले, "मांजराची नखं कायमची काढून मिळतात म्हणे?" तो तास माझा नव्हता, तरी मी पूर्ण घेतला.

बुंदी आता मोठी झाली आहे. सोफ्याचा एक कोपरा गेला तो गेलाच, त्यावर बहिणीने आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला आहे. नखांचे खाते नानांकडे आहे. दर दुसऱ्या रविवारी सकाळी घोंगडी पसरून, चष्मा नाकावर ओढून ते बसतात. परवा बहिणीने मला ते फोनवर दाखवले. आठ नखे झाली होती. नवव्याला बुंदीने पंजा ओढून घेतला आणि जांभई दिली.

"राहू दे," नाना तिला म्हणाले. "उरलेली उद्या."